सोडियमची वाट पाहू, की आजच इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा. धायरीत राहणाऱ्या एका ताईंना कामासाठी रोज हिंजवडीला जावं लागतं, येऊन-जाऊन साधारण ४५ किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर जुनी झाली आहे आणि आता इलेक्ट्रिक घ्यायचा विचार आहे. सासऱ्यांचं म्हणणं, "सोडियमच्या बॅटऱ्या येतायत, सॉलिड-स्टेट येतायत, दोन वर्षं थांब. आता घेशील ती तीन वर्षांत भंगारात जाईल." त्यात सोसायटीच्या कमिटीने आगीच्या भीतीने पार्किंगमध्ये चार्जिंगला मनाई केली आहे. थांबावं का, आणि घेतली तर बॅटरी टिकवायची कशी, असं त्यांनी विचारलं आहे.

बॅटरी पॅक तपासणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. सेल (पॅकमधल्या सुट्या छोट्या बॅटऱ्या) तापवायचे, दाबायचे, पाण्यात बुडवायचे, शेकडो वेळा भरून रिकामे करायचे आणि काय बिघडतं ते पाहायचं. त्या अनुभवावरून सांगतो, ताई, थांबू नका. गाडी घ्या, पण केमिकल प्रकार बघून घ्या. घेतल्यावर सगळ्यात जास्त काळजी उन्हाची करा. बॅटरीचं आयुष्य पुढच्या शोधापेक्षा तुमच्या पार्किंगच्या जागेवर जास्त अवलंबून आहे.

सासऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नवे शोध खरोखर येत आहेत आणि त्यातले काही आपल्या पुण्यातच चालू आहेत. फक्त शोध लागणं आणि तो आपल्या पार्किंगमध्ये उभा राहणं यात किती काळ जातो, ते आधी पाहू. आज सगळ्या मोबाईलमध्ये असलेल्या लिथियम-आयन बॅटरीची सुरुवात १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्या कामापासून झाली. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड, म्हणजे बॅटरीचं धन टोक, दाखवला. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी ॲनोडला, म्हणजे ऋण टोकाला, धातूरूप लिथियमऐवजी कार्बनी पदार्थ वापरून सुरक्षित सेल बनवला. बाजारात पहिली बॅटरी सोनीने आणली ती १९९१ मध्ये. तिघांना नोबेल मिळालं २०१९ साली. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते, आजवरचे सर्वात वयस्कर नोबेल विजेते.

दुसरं उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हा आज ई-बसपासून घरच्या इन्व्हर्टरपर्यंत सगळीकडे दिसणारा प्रकार. त्याचा मूळ शोधनिबंध १९९७ चा, गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतला. त्यावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे आणि दुसरं के. एस. नंजुंडस्वामी यांचं. दोघेही भारतीय, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे याची मला खरंच खंत वाटते. शोध चांगला होता, पण त्या पदार्थातून वीज नीट वाहत नव्हती. कणांना कार्बनचा पातळ लेप द्यायची युक्ती सापडली तेव्हा गाडी पुढे सरकली. मग पेटंटच्या वादांत वर्षं गेली. शोधनिबंधापासून ते सर्वसामान्यांच्या वाहनात सर्रास दिसेपर्यंत वीसेक वर्षं उलटली.

आता सोडियम. पाषाण परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि सी-मेट या तिन्ही संस्थांत बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन चालतं. केपीआयटी या पुण्याच्याच कंपनीने आयसरबरोबरच्या कामातून तयार झालेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. चीनमध्ये सीएटीएल या बॅटरी कंपनीने आपली पहिली सोडियम-आयन बॅटरी २०२१ मध्येच दाखवली होती आणि तिकडे अशा दुचाकी विक्रीलाही आल्या आहेत. म्हणजे ही नुसती हवा नाही.

सोडियमचे फायदेही खरे आहेत. सोडियम समुद्राच्या मिठात आहे, जमिनीत भरपूर आहे, आणि त्यासाठी कुठल्या एका देशाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. लिथियमच्या सेलमध्ये ॲनोडच्या बाजूला तांब्याची पत्री लागते. सोडियमला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं, ते स्वस्त आणि हलकं. सेल पूर्ण शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ठेवता येतो, त्यामुळे वाहतूक अधिक निर्धोक होते. थंडीत तो चांगला चालतो, पण पुण्याच्या डिसेंबरात त्याचं आपल्याला फारसं कौतुक नाही.

अडचण आकाराची आहे. सोडियमचा आयन लिथियमच्या आयनापेक्षा मोठा. नेहमीच्या ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम सहज शिरतो, सोडियम नीट शिरत नाही. पेठेतल्या बोळात रिक्षा जाते, बस जात नाही, तसं. म्हणून ॲनोडसाठी हार्ड कार्बन नावाचा वेगळा, अस्ताव्यस्त रचनेचा कार्बन बनवावा लागतो. व्होल्टेजही थोडं कमी मिळतं. हिशेब केला तर एक किलो सोडियम-आयन सेलमध्ये साधारण १०० ते १६० वॅट-तास मावतात, एलएफपीमध्ये १५० ते १८०, आणि एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये २०० ते २५० किंवा त्याहूनही थोडे जास्त. स्कूटरच्या पायाखालच्या जागेत किती किलो बसवणार, हा प्रश्न कारपेक्षा दुचाकीत जास्त बोचतो. शिवाय २०२२ च्या शेवटी गगनाला भिडलेले लिथियमचे भाव पुढच्या वर्षभरात कोसळले आणि एलएफपी खूप स्वस्त झाली. सोडियम स्वस्त पडणार हा युक्तिवाद त्यामुळे तेव्हा ढिला झाला. सोडियम येईल, पण माझ्या मते आधी घराच्या आणि टॉवरच्या बॅकअपमध्ये, सौरऊर्जेच्या साठ्यात आणि छोट्या पल्ल्याच्या गाड्यांत. रोज ४५ किलोमीटर बायपासने जाणाऱ्या माणसाने त्यासाठी थांबावं, इतका फरक मला दिसत नाही.

सॉलिड-स्टेटबद्दल एवढंच सांगतो. दोन टोकांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे इलेक्ट्रोलाइटच्या, जागी घन पदार्थ, म्हणजे पेटणारा द्रव नाही आणि साठाही जास्त. कल्पना उत्तम आहे. पण दोन घन पृष्ठभाग हजारो वेळा फुगताना-आकसताना एकमेकांना चिकटून राहायला हवेत, आणि तेही स्वस्तात. हे स्कूटरच्या किमतीत बसायला वेळ लागेल. त्याच्या भरवशावर आजची खरेदी अडवू नका.

मग आज काय घ्यायचं? तुमच्यासमोर दोनच मुख्य पर्याय असतील, एनएमसी आणि एलएफपी. शोरूममध्ये "लिथियम बॅटरी आहे, मॅडम" एवढंच सांगतात. त्यावर समाधान मानू नका. सेल कोणत्या प्रकारचा, हे स्पष्ट विचारा. एनएमसीचा पॅक हलका आणि आटोपशीर असतो, त्याच जागेत जास्त पल्ला देतो. एलएफपी जड असते, पण उष्णता जास्त सहन करते आणि जास्त वेळा भरता येते. ढोबळमानाने, क्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंत चांगला एनएमसी सेल ८०० ते १००० पूर्ण फेऱ्या देतो आणि चांगला एलएफपी २००० किंवा अधिक. एक फेरी म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरणं.

हे तुमच्या प्रवासाला लावून पाहू. समजा पॅक ३ किलोवॅट-तासाचा आहे आणि प्रत्यक्षात ९० किलोमीटर देतो. तुमचे ४५ किलोमीटर म्हणजे रोज अर्धी फेरी. वर्षाला ३०० दिवस गाडी चालवली तर १५० फेऱ्या. एनएमसीने नुसत्या फेऱ्यांच्या हिशेबाने पाच-सहा वर्षं सहज निघतात. एलएफपीने फेऱ्या संपायच्या आधी तुम्हालाच गाडीचा कंटाळा येईल. आणि ८० टक्क्यांवर आली म्हणजे बॅटरी मेली असं नाही. ९० ऐवजी ७२ किलोमीटर मिळतील, तुमचं ऑफिस तरीही गाठता येईल. "तीन वर्षांत भंगार" हे ज्या गाड्यांचं झालं त्या बहुतेक सुरुवातीच्या काळातल्या, लेड-ॲसिडवर चालणाऱ्या किंवा कुठूनतरी आणलेले सेल जोडून बनवलेल्या होत्या.

पण फेऱ्यांचा हिशेब हा अर्धाच हिशेब आहे. बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, आणि पुण्यात मला खरी चिंता याचीच वाटते. सेलच्या आत ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक अतिपातळ थर जमतो. तो संरक्षक असतो, त्याच्याशिवाय सेल चालणारच नाही. पण तो थर हळूहळू जाड होत राहतो आणि जाड होताना लिथियम खातो. ते खाल्लेलं लिथियम पुन्हा वापरात येत नाही. गाडी चालवा किंवा न चालवा, ही क्रिया चालूच असते. तिचा वेग दोन गोष्टींनी वाढतो, तापमानाने आणि सेल किती भरलेला आहे याने. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो.

आता एप्रिल-मेमधलं चित्र डोळ्यांसमोर आणा. शिवाजीनगरला पारा ४० च्या आसपास. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीबाहेर, झाड नसलेल्या डांबरी पट्ट्यावर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा स्कूटर उभी. डांबर खालून तापवतंय, ऊन वरून. पॅक हवेपेक्षा बराच जास्त तापतो. त्यात काही जण ऑफिसात पोहोचल्या पोहोचल्या चार्जिंगला लावून १०० टक्के करून ठेवतात. म्हणजे भरलेली आणि तापलेली बॅटरी आठ तास तशीच. बॅटरीला याहून वाईट वागणूक देणं अवघड आहे. याउलट तीच गाडी बेसमेंटमध्ये किंवा झाडाखाली ५०-६० टक्क्यांवर उभी राहिली, तर काही वर्षांनी दोघींच्या प्रकृतीत स्पष्ट फरक दिसतो.

म्हणून माझा आग्रह आहे की ऑफिसात सावलीची जागा मिळवा. त्यासाठी दहा मिनिटं लवकर निघावं लागलं तरी चालेल. घरी आल्यावर लगेच प्लग लावू नका. बायपासवरून आलेला पॅक आतून गरम असतो, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. चार्जिंग शक्यतो रात्री उशिरा किंवा पहाटे करा, म्हणजे हवा थंड असते आणि बॅटरी भरल्यावर ताटकळत उभी राहत नाही. एनएमसी असेल तर रोज ८०-९० टक्के पुरे, लांब जायचं असेल त्या दिवशीच शंभर करा. एलएफपीची गोष्ट जरा वेगळी आहे. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे गाडीच्या मेंदूला, म्हणजे बीएमएसला, किती चार्ज उरलाय याचा अंदाज नीट येत नाही. तो अंदाज जाग्यावर यावा म्हणून आठवड्यातून एखादवेळी ती पूर्ण भरावी लागते. अचानक ३० टक्क्यांवरून १० वर आली म्हणून बॅटरी गेली असं समजून धावत सुटणारे बरेच लोक असतात. पुष्कळदा तिथे बिघाड नसतो, फक्त हा हिशेब चुकलेला असतो.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर गाडी ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा. शंभरावर नको, आणि पाच टक्क्यांवर तर मुळीच नको. सेल फार खाली उतरला की ॲनोडच्या बाजूची तांब्याची पत्री विरघळायला लागते. नंतर चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट सर्किटचा धोका तयार होतो. पूर्ण "डेड" झालेल्या लिथियम पॅकला कुणी बाहेरून वीज देऊन "जिवंत" करून देतो म्हणाला, तर हात जोडून नाही म्हणा.

पल्ल्याबद्दल लोक चढाला फार घाबरतात. चांदणी चौकाच्या चढावर बॅटरी उतरते, असं मला नेहमी ऐकवलं जातं. गणित करून पाहू. गाडी आणि माणूस मिळून १८० किलो, चढ ५० मीटर उंचीचा धरला. त्याला लागणारी ऊर्जा २५ वॅट-तासांच्या आसपास येते, मोटरचे तोटे धरून तीसेक. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर जायला साधारण तेवढीच लागते. म्हणजे अख्खा चढ एका जादा किलोमीटरच्या भावात पडतो, आणि उतरताना ब्रेकिंगमधून त्यातलं थोडं परतही मिळतं. पल्ला खरा खातो तो बायपासवरचा वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४५ ऐवजी ७० ने गेलात तर तो जवळजवळ अडीचपट होतो. जाहिरातीतला पल्ला मात्र प्रयोगशाळेत रोलर्सवर, ठरावीक सौम्य वेगांच्या चक्रात मोजलेला असतो. त्याचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग तुमचा समजा. तुम्ही बायपासच्या प्रवासी, तेव्हा दोन तृतीयांशच धरा. जाहिरातीत १३०-१४० असेल ती गाडी तुम्हाला ९० देईल.

एक छोटी गोष्ट जाता जाता. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतारावर मोटरचा ब्रेक जवळजवळ लागत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. सकाळी घराबाहेर पडल्या पडल्या उतार असेल तर हे लक्षात ठेवून हाताचे ब्रेक वापरा.

आता आग. कमिटीच्या भीतीला कारण आहे, ते मी नाकारणार नाही. मार्च २०२२ मध्ये आपल्याच लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यात इतरत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुचाकींच्या बॅटरीसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात कडक सुधारणा केल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या.

सेल पेटतो कसा, हे समजलं की भीती नेमकी कशाची बाळगायची ते कळतं. सेलच्या आत दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात. कारखान्यात आत राहिलेला धातूचा बारीक कण, ढिलं वेल्डिंग, आत शिरलेलं पाणी किंवा प्रमाणाबाहेर चार्जिंग, यातल्या कशानेही सेल एका जागी तापायला लागतो. ८०-१२० अंशांच्या दरम्यान तो मघाचा संरक्षक थर तुटतो आणि स्वतःच उष्णता सोडतो. १३० च्या आसपास पडदा वितळायला लागतो आणि आतून शॉर्ट होतो. आणखी तापलं की एनएमसीचा कॅथोड ऑक्सिजन सोडतो. म्हणजे जळायला द्रव आत, ऑक्सिजनही आत. बाहेरची हवा अडवून ही आग थांबत नाही, ती याचमुळे. एलएफपीमध्ये फॉस्फेटची बांधणी घट्ट असते, ऑक्सिजन सहज सुटत नाही. म्हणून तीही तापते, धूर सोडते, पण इतक्या आवेगाने भडकत नाही. जिथे पार्किंगच्या वर चाळीस कुटुंबं राहतात तिथे मी एलएफपीलाच पसंती देईन, थोडी जड असली तरी.

सुधारित मानकाचा रोख एकच सेल बिघडला तर बाकीचे वाचले पाहिजेत, यावर आहे. सेलमध्ये पुरेसं अंतर हवं, पॅकमध्ये पाणी शिरता कामा नये, तापमानावर बारीक नजर ठेवणारी मायक्रोप्रोसेसरची बीएमएस हवी, आणि काही बिघडलं तर चालकाला आवाज आणि दिव्याने आधी इशारा मिळायला हवा. या सुधारणांनंतर बनलेली गाडी आणि आधीची गाडी यांत मी मोठा फरक मानतो. जुनी, २०२२ ची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका.

कमिटीशी बोलताना मुद्दा भावनेचा करू नका, आकडे ठेवा. बहुतेक स्कूटरचे घरगुती चार्जर ७००-८५० वॅटचे असतात. गीझर २००० वॅटचा असतो, आणि तो प्रत्येक फ्लॅटमध्ये आहे. दहा स्कूटर एकदम लावल्या तरी चार गीझरएवढा भार. अडचण भाराची नाही, अव्यवस्थेची आहे. मनाई केली की लोक तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशनची वायर सोडतात, नाहीतर काढता येणारी बॅटरी उचलून घरात, थेट दाराशी चार्जिंगला लावतात. ती दाराशी पेटली तर बाहेर पडायचा रस्ताच बंद. नियमात बसवलेलं चार्जिंग या चोरट्या चार्जिंगपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, हे कमिटीला पटवा.

त्यासाठी मी असं सुचवेन. जिन्यापासून, लिफ्टपासून आणि मुख्य मीटर बोर्डापासून दूर, हवा खेळती असलेली, शक्य असेल तर उघड्यावरची पण छप्पर असलेली एक जागा ठरवा. तिथे १६ अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (भार जास्त झाला किंवा वीज गळली तर आपोआप पुरवठा तोडणारे स्विच), आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासलेलं अर्थिंग. अर्थिंगवर मी पुन्हा जोर देतो, कारण जुन्या इमारतींत ते अनेकदा कागदावरच असतं. सबमीटर लावला की बिलाची भांडणं मिटतात. एक मुख्य स्विच असा हवा की वॉचमनला जवळ न जाता सगळं बंद करता येईल. आणि वॉचमनला हे शिकवा की गाडीतून पांढरट वाफ निघाली, फुसफुस आवाज आला किंवा उग्र वास आला तर जवळ वाकून बघायचं नाही. वीज तोडायची, माणसं लांब न्यायची आणि १०१ ला फोन करायचा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, ते फुप्फुसांना फार घातक. भिंतीवर टांगलेला पावडरचा सिलिंडर आजूबाजूची ज्वाळा विझवेल, पण पॅकच्या आतली साखळी तोडणार नाही. तिला भरपूर पाण्याने थंडच करावं लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं.

तुम्ही सिंहगड रस्त्याच्या भागातल्या, म्हणून पाण्याबद्दल वेगळं सांगणं भाग आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. पॅकला पाण्यापासून संरक्षण असतं, पण ते ठरावीक खोली आणि ठरावीक वेळेपुरतं तपासलेलं असतं, रात्रभर गाळाच्या पाण्यात बुडून राहण्यासाठी नसतं. शिवाय झाकणाची रबरी पट्टी वर्षानुवर्षं तशीच राहत नाही. गाडी बुडाली असेल तर ती सुरू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका, "उन्हात वाळवली, आता चालतेय" असं म्हणू नका. आत शिरलेलं पाणी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी गंज पाडून शॉर्ट करू शकतं. उघड्या जागी, इतर गाड्यांपासून लांब उभी करून कंपनीला कळवा आणि पॅक उघडून तपासायलाच लावा. पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाची बातमी आली की चारचाकीच्या आधी ही गाडी वर काढा.

पैशाचं गणित तुम्ही विचारलं नाही, तरी एका ओळीत. ४५ किलोमीटरला चार्जिंगचे तोटे धरून दीड-पावणेदोन युनिट लागतील. तुमच्या लाईट बिलातल्या दराने गुणा आणि तेवढ्याच अंतराच्या, म्हणजे साधारण एक लिटर पेट्रोलच्या किमतीशी ताडून बघा. थांबण्याची किंमत तिथेच दिसेल. दोन वर्षं सोडियमची वाट पाहताना जो पेट्रोलचा खर्च होईल, त्यात नव्या बॅटरीचा बराचसा भाग निघतो.

खरेदीच्या वेळी वॉरंटीचा कागद घरी आणून शांतपणे वाचा. "आठ वर्षं" असं मोठ्या अक्षरात असेल, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेली की कंपनी बॅटरी बदलून देणार, ७० की ८०, हे बारीक अक्षरात असतं, आणि खरी वॉरंटी तीच. किलोमीटरची मर्यादा पाहा. सर्व्हिस चुकवली तर वॉरंटी जाते का, ते विचारा. वर्षातून एकदा सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या प्रकृतीचा आकडा लेखी मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे दावा करायची वेळ आली तर तोच कामी येतो, आणि गाडी विकतानाही.

पाच-सात वर्षांनी पॅक थकला आणि कुणी गल्लीतला मेकॅनिक म्हणाला की "चार सेल खराब आहेत, तेवढे बदलून देतो", तर ते करू नका. जुन्या आणि नव्या सेलची क्षमता वेगळी असते. एकाच माळेत जोडले की कमजोर सेल दर वेळी आधी रिकामा होतो, आधी भरतो आणि आधी तापतो. बीएमएस त्याला किती सांभाळणार? पूर्ण पॅक अधिकृत ठिकाणीच बदला आणि जुना भंगारवाल्याला देऊ नका. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची आणि तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवा पॅक घेताना जुना जमा करून त्याची पावती मागा. तोपर्यंत सोडियमचा पॅक तुमच्या गाडीत बसणारा आणि परवडणारा निघाला असेल, तर तो घ्यायला तेव्हा तुम्ही मोकळ्या आहात. फक्त तो त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी तपासून दिलेला असला पाहिजे, कारण सोडियमचं व्होल्टेज वेगळं असतं आणि जुना चार्जर, जुनी बीएमएस त्याला चालत नाही.